काढणावळ धरून

शिन्यांगा, बस स्टँड
सोमवार, १० जून २०१९

डोटो,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील, तेव्हा मी कोण ते सांगत बसत नाही. फाडण्याआधी एवढंच लक्षात घे, की या पत्राचे दीड हजार शिलिंग मी बसच्या पार्सलवाल्याला आधीच मोजलेत. तुला फुकट मिळतंय. आधी वाच, मग खुशाल फाड.

फोन करून बघितला. अकरा वर्षांत किती वेळा केला ते सांगणार नाही, तू उगाच फुशारशील. माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस. पण दार-एस-सलामच्या बस ऑफिसातून "तुमचं पार्सल आलंय" असा फोन आला की तू चप्पल न घालता धावशील, हे मला पक्कं ठाऊक आहे. लहानपणी कुणी नुसती पिशवी हलवली तरी तू माझ्याआधी पोचायचीस.

तर ऐक. मी येतेय. एप्रिलमध्ये शाळेतून निवृत्त झाले. चाळीस वर्षं लोक मला "बाई, बाई" करत होते, आता दिवसभर घरात "कुल्वा" म्हणणारंसुद्धा कुणी नाही. कोंबड्यांशी बोलते. त्या तुझ्यापेक्षा बऱ्या, निदान मान वळवून बघतात. गेल्या महिन्यात आपण साठ वर्षांच्या झालो. "आपण" लिहिलं, कारण त्याला तुझा इलाज नाही. जुळी बहीण बदलून मिळत नाही.

आता मुद्द्याचं. आईच्या दफनाच्या दिवशी, सगळ्या गावादेखत, तू मला म्हणालीस की मी आईच्या औषधाचे पैसे खाल्ले. हॉटेलात चादरी धुताना तुला कुणा पाहुण्याने शंभर डॉलरची नोट दिली आणि तू त्यातला एक शिलिंग न ठेवता ती आईसाठी पाठवलीस. मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आताही सांगते, की ती नोट चालली नाही. लहान डोक्याची होती. जुन्या डॉलरवर त्या गोऱ्या म्हाताऱ्याचं डोकं लहान असतं, नव्यावर मोठं. म्वांझाच्या पैसे बदलणाऱ्याने ती उजेडात धरली आणि माझ्या अंगावर परत टाकली. तू म्हणालीस, "डॉलर कुठे न चालता राहतो का! डॉलर तो!" आणि बसमध्ये बसून निघून गेलीस.

नोट अजून माझ्याकडे आहे. तीच. बायबलमध्ये ठेवून घेऊन येतेय, पुरावा म्हणून. आणि वर शंभर डॉलरचे होतात तेवढे दोन लाख तीस हजार शिलिंग माझ्या निवृत्तीच्या पैशातून तुला देणार आहे. ते पैसे कुठल्या नंबरवर पाठवू ते कळव. तुझ्याच नंबरवर टाकले असते, पण मागच्या वेळसारखे न विचारता परत आले तर मला सहन व्हायचं नाही.

मागची वेळ म्हणजे आईच्या कबरीवरच्या सिमेंटची. तू वीस हजार पाठवले होतेस, बरोब्बर वीस हजार. काढायला गेले तर फोनवरचे पैसे रोख करून देणाऱ्या एजंटने त्यातून आपली काढणावळ कापली आणि हातावर साडेअठरा ठेवले. मामीला तू पाच हजार पाठवलेस तरी काढणावळ धरून पाठवतेस. मामीच गावभर सांगते, "डोटोची पोच बघा, काढायचे पैसेसुद्धा वर घालते!" मला मात्र कोरे वीस. एजंटच्या छत्रीखाली उभी राहून मला रडू आलं. त्या पोरीला वाटलं, म्हातारी दीड हजारासाठी रडतेय. मी त्या छत्रीकडे पुन्हा फिरकले नाही, पण पैसे परत तुला पाठवले आणि तू ते पुन्हा परत पाठवलेस, पुन्हा कोरे.

उद्या निघते. एका दमात दार-एस-सलामपर्यंत बसणं गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून सिंगिडाला माझा जुना विद्यार्थी मबुला आहे त्याच्याकडे उतरेन, मग डोडोमा, मग तू. पैशांची काळजी करू नकोस (करणार नाहीसच). सुटे अंगावरच्या खांग्याच्या पदराच्या गाठीत, बाकी सगळे फोनमध्ये. तुझ्यासाठी मिचेंबे घेतलेत, मीच कापून वाळवलेली रताळी. दारच्या बाजारात मिळतात ती नुसती सालं असतात.

तुझी अर्ध्या तासाने मोठी,
कुल्वा

सिंगिडा
गुरुवार, १३ जून

अगं डोटो,

तुझा मेसेज मिळाला! काल सकाळी. मी मबुलाच्या बायकोबरोबर तांदूळ निवडत होते, फोन वाजला आणि अनोळखी नंबर. "ते पैसे या नंबरवर पाठव. नाव येईल फेस्टो म्वाकालिंगा." बस. नमस्कार नाही, खुशाली नाही, "गुडघे कसे आहेत" नाही. अगदी तू. मी तिथेच ताट खाली ठेवलं आणि हसत सुटले. मबुलाची बायको म्हणाली, "बाई, काय झालं?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीचा निरोप आलाय." किती वर्षांनी हे वाक्य तोंडातून निघालं असेल!

फेस्टो कोण? जावई का तुझा? माझ्या मनात तुझी पोर झावाडी अजून दोन वेण्यांची आहे. लग्न झालं, आणि मला कळवलंसुद्धा नाहीस. असू दे. आज मी भांडणार नाही.

कोपऱ्यावर छत्रीखाली एक एजंट पोरगी बसते, तिच्याकडे जाऊनच पाठवले. मला स्वतःला पाठवता येतात, पण एवढी मोठी रक्कम, म्हटलं, आकडा तिनेही एकदा बघावा. ती म्हणाली, "आजी, हा फेस्टो ओळखीचा आहे ना? बघून पाठवा हं."

"माझ्या बहिणीचा जावई आहे," मी म्हटलं. चांगलं मोठ्याने म्हटलं, शेजारच्या कांदेवालीला ऐकू जाईल असं.

दोन लाख तीस हजार, वर काढणावळ. मी माझ्याकडून कोरं पाठवलं नाही, हे लक्षात ठेव.

तासाभराने पुन्हा मेसेज. "कमी आलेत, अजून पन्नास पाठव." कमी कसे येतील, मी स्वतः आकडा तीनदा वाचला होता. पण म्हटलं, अकरा वर्षांनी बोलणं सुरू झालंय, ते पन्नास हजारांवरून मोडायचं? पाठवले. मबुलाला यातलं काही बोलले नाही. तो फार चौकशा करतो, लहानपणीही करायचा.

खरं सांगू का, आता फोनमध्ये फार काही उरलं नाही. डोडोमापर्यंतचं तिकीट होतं. पुढचं बघू. डोडोमा राजधानी आहे, तिथले पैसे बदलणारे कदाचित लहान डोकं घेतीलही, मोठ्या शहरात माणसं समजूतदार असतात. नाहीतर तू आहेसच.

पुन्हा मेसेज करायचा असेल तर कर. काही महत्त्वाचं नसलं तरी चालेल. आज काय शिजवलंस एवढं लिहिलंस तरी चालेल. फोन मी हातातच धरून बसते.

कुल्वा

डोडोमा, बाजारपेठ
मंगळवार, १८ जून

डोटो,

या पाकिटावर मी "घेणारा पैसे देईल" असं लिहिलंय. हजारभर शिलिंग पडतील तुला. माझ्याकडे नाहीत.

तो मेसेज तुझा नव्हता.

शुक्रवारी इथे उतरले आणि बाजाराच्या तोंडाशी मामा चिलेवा, म्हणजे चिलेवाची आई, अशी एक एजंट बाई बसते तिला म्हटलं, "जरा या नंबरला फोन लावून दे गं, माझ्या बहिणीच्या जावयाचा आहे, मी आल्याचं कळवायचंय." नंबर बंद. तिने मेसेज वाचला, पुन्हा वाचला, आणि माझ्याकडे बघितलं.

"आजी, पैसे पाठवले नाहीत ना?"

मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या बाकावर बसले.

"अहो, हा मेसेज मला आठवड्यातून तीनदा येतो! 'ते पैसे या नंबरवर पाठव.' चोर हजार जणांना टाकतात. त्यातल्या एखाद्याला खरंच कुणाला तरी पैसे पाठवायचे असतात. त्याला वाटतं, आलाच निरोप. इथे भिंतीवर कागद चिकटवलाय बघा केवढा."

मला तो कागद वाचायची गरज नव्हती. डोटो, गेल्या वर्षी चर्चमध्ये उभं राहून याच मेसेजबद्दल मीच बायकांना शहाणपण शिकवलं होतं. फळ्यावर लिहून दाखवलं होतं. मला माहीत होतं. सिंगिडात तांदूळ निवडताना फोन वाजला तेव्हाही आत कुठेतरी माहीत होतं, आणि पन्नास हजार मागितले तेव्हा तर नक्कीच. पण तो चोराचा म्हटला, तर तुझा नव्हता म्हणावं लागलं असतं. तेवढ्यासाठी मी दोन लाख ऐंशी हजार मोजले. दोन दिवस आणि दोन रात्री मला बहीण होती. महाग पडली, पण होती.

पोलिसांत गेले. त्यांनी लिहून घेतलं आणि बसायला खुर्ची दिली, एवढंच त्यांच्या हातात होतं.

मग नोट घेऊन पैसे बदलणाऱ्याच्या काचेसमोर उभी राहिले. आत टाय लावलेला पोरगा. नोट हातात न घेताच म्हणाला, "लहान डोकं. नाही चालत, आजी."

"खोटी आहे का?"

"खोटी नाही. जुनी आहे."

"मीही जुनी आहे. मला आत घेतलंस की."

तो हसला, पण नोट घेतली नाही. बाहेर एकजण माझ्या मागे मागे आला आणि कुजबुजला, "आजी, पन्नास हजार देतो. आत्ता, रोख." पन्नास हजारांत मी दारला पोचून, तुला साखर घेऊन, वर उरले असते. मी नोट गाठीत बांधली आणि चालू लागले. मामा चिलेवा मला वेडी म्हणाली. विकली असती तर मग तुला दाखवायला काय राहिलं असतं?

पण चार दिवस तिच्या छत्रीखाली बसून मी हाच विचार करतेय, की तुला नेमकं काय दाखवायला निघाले होते. (तिच्याच घरी राहते. ती बँकेतून रोकड आणायला जाते तेव्हा मी तिची जागा धरून बसते, लोकांना "थांबा, येतेच" म्हणते. मक्याची उगाली आणि भाजी यांचं मोल फिटतं.) इथे दिवसभर माणसं येतात. कुणी मुलाला पाठवतं, कुणी आईला. प्रत्येकजण शेवटी म्हणतो, "काढणावळ धरून पाठवा." आणि मी ऐकत बसते. आता तुला जे सांगते ते मी पाद्रीबुवांनासुद्धा सांगितलेलं नाही.

नोट चालली नाही हे खरं. पण ती मी म्वांझाला केव्हा नेली, ते मी तुला कधी सांगितलं नाही. तुझी तांदळाची पिशवी बसने आली, त्यात तुझी चिठ्ठी आणि नोट. चिठ्ठीत होतं, "हे घे, आईला म्वांझाला ने. मला सुट्टी मिळत नाही." मला इतका राग आला, डोटो. आईला तीन महिने मी उचलत होते, धूत होते, भरवत होते. ती रोज विचारायची, "डोटो कधी येते?" आणि तू कागद पाठवलास. मी नोट पिठाच्या डब्यात, पिठाच्या खाली घातली. म्हटलं, पैसे मिळाले नाहीत असं कळलं तर ही स्वतः येईल. मामीकडून तुझे निरोप आले, "नोट पोचली का?" मी म्हणायला लावलं, "अजून नाही."

चाळीस दिवस. तू आली नाहीस. मग आईला श्वास लागायला लागला तेव्हा मी पीठ उपसून नोट काढली आणि तिला घेऊन म्वांझाला धावले. काचेमागचा माणूस म्हणाला, "बाई, गेल्या महिन्यापर्यंत घेत होतो. थोडा भाव कमी, पण घेत होतो. आता वरून बंद झालं." आणि हॉस्पिटलातला डॉक्टर म्हणाला, "महिनाभर आधी का नाही आणलंत?"

दोघांनी एकाच दुपारी एकच गोष्ट सांगितली. तिसऱ्या दिवशी आई गेली.

तू मला पैसे खाल्ल्याचं म्हणालीस तेव्हा मी एवढी ओरडले, कारण ते खोटं होतं. खरं त्याहून वाईट होतं.

नोट या पाकिटात आहे. पुरावा म्हणून नाही. तुझी आहे म्हणून. मला काही पाठवू नकोस. घरी परत कशी जायची ते मी बघेन. मबुलाला फोन करायला लाज वाटते, पण करेन.

कुल्वा

डोडोमा
शुक्रवार, २१ जून

डोटो,

काल दुपारी फोन वाजला तेव्हा मी हात लावला नाही. मामा चिलेवाला म्हटलं, तूच बघ. तिने वाचलं आणि ओरडली, "आजी, नाव आलंय! नाव!" "तुम्हाला पैसे मिळाले आहेत, डोटो लुहेंडे यांच्याकडून." मोठ्या अक्षरांत तुझं नाव, आणि या वेळी फेस्टो कुणी नाही. म्हणजे तू हजार शिलिंग भरून माझं पत्र सोडवलंस. वाचलंस.

अठ्ठावीस हजार आठशे.

"दारचं तिकीट कितीला गं?" मी विचारलं.

"बावीस."

"आणि शिन्यांगाचं?"

ती उगाच सुट्या नोटा सारख्या करत बसली. मग म्हणाली, "सत्तावीस."

कळलं. घरी जा म्हणालीस. बरोबर आहे तुझं. मी तुझ्या जागी असते तर तेवढेही पाठवले नसते. मी छत्रीच्या दांड्याला टेकून बसले आणि खांग्याने तोंड झाकलं. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं असेल, ऊन लागलंय.

थोड्या वेळाने मामा चिलेवा म्हणाली, "आजी, रडताय कशाला? हिशेब नीट बघितलात का? तिकीट सत्तावीस. मग वरचे अठराशे कसले?"

"कसले?"

"अहो, चाळीस वर्षं शाळेत काय शिकवलंत! सत्तावीस हजार काढायचे अठराशे पडतात. काढणावळ धरून पाठवलेत बाईंनी. राग आहे तो आहे, पण तुमच्या हातात पुरे पैसे पडावेत एवढं बघितलंय."

मी तिच्याकडून तो आकडा भिंतीवरच्या तक्त्यात दाखवून घेतला. अठराशे. तंतोतंत. म्हणजे तू कुठल्यातरी छत्रीखाली उभी राहून विचारलंस, सत्तावीस हजार काढायला किती पडतील. माझ्यासाठी विचारलंस.

पैसे मी काढलेच नाहीत. तिकीट फोनवरूनच भरलं, तसंही भरता येतं, आणि अठराशे फोनमध्ये राहिले. पहिल्यांदा वाटलं, ते असेच ठेवावेत, तुझी आठवण म्हणून. मग माझं मलाच हसू आलं. ठेवून ठेवून काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून त्यातले हजार तुला परत पाठवते. वर तीनशे काढणावळ. पाठवायचे पैसे कापून जे उरतील त्याचा मामा चिलेवाला चहा.

मिचेंबे तिलाच देऊन टाकले. आणि या पत्राचे पैसे तिने भरलेत. तुला काही पडणार नाही.

कुल्वा

शिन्यांगा
रविवार, ४ ऑगस्ट

डोटो,

मला वाटलं होतं तू ते हजार शिलिंग ठेवून घेशील आणि विषय संपेल. मी घरी पोचले, कोंबड्या मोजल्या (एक कमी), आणि चौथ्या दिवशी फोन वाजला. डोटो लुहेंडे यांच्याकडून, तेराशे. हजार, वर तीनशे.

ते हजार शिलिंग तेव्हापासून तुझ्या-माझ्यात फिरताहेत. इथली एजंट, तीच जिच्या छत्रीखाली मी रडले होते आणि इतकी वर्षं फिरकले नव्हते, मला बघितलं की विचारते, "बाई, आज पाठवायचे की आले?" नऊ वेळा झाले. प्रत्येक खेपेला दोन्हीकडून कापले जातात. आपल्या भांडणावर फोनवाल्यांची चंगळ चाललीय. मी तिला म्हटलं, "आम्ही गप्पा मारतो." ती म्हणाली, "मग फोनच करा ना, स्वस्त पडेल." पोरीला काय कळणार! फोनवर तू काय बोलली असतीस, आणि मी काय?

आता मला तुझं थोडं थोडं कळतं. तुझ्याकडून पैसे नेहमी संध्याकाळी येतात, म्हणजे कामावरून सुटल्यावर. एकदा सहा दिवस आले नाहीत. मी जेवले नाही नीट. सातव्या दिवशी आले, पहाटे. ताप होता का? चौदा जुलैला, आईच्या दिवशी, सकाळीच आले. मी कबरीवर गेले होते, तिथेच वाजला. आईला दाखवला. मोठ्याने वाचून दाखवला, नावासकट. आणि तिला ते पिठाच्या डब्याचंही सांगितलं. तिला आधीच माहीत असेल. पीठ घ्यायला ती डब्यात हात घालायचीच, मी कोण लपवणार तिच्यापासून! कदाचित तिनेही तुझी वाट बघितली असेल, गप्प राहून. हे मी माझ्या समाधानासाठी म्हणत नाही. मला समाधान नाहीच. फक्त आता ते एकटीने सांभाळावं लागत नाही, तुलाही माहीत आहे, एवढाच फरक पडलाय. रात्रभर झोप मात्र लागते.

मागच्या सोमवारी पाळी माझी होती. मी एजंटकडे गेले आणि म्हटलं, आज हजार नकोत. दार ते शिन्यांगा तिकीट पंचेचाळीस हजार. काढायला चोवीसशे. सत्तेचाळीस हजार चारशे पाठव.

पोरगी बघत राहिली. "नक्की, बाई? परत आले तर?"

"परत आले तर आले. यायची त्यांना सवय आहे."

तिने बटण दाबलं. तुझं नाव आलं. मी नाव नीट वाचलं, अक्षर न् अक्षर. यापुढे न वाचता पाठवणार नाही.

मंगळवारी काही आलं नाही. बुधवारी नाही. गुरुवारी संध्याकाळी मी फोन मांडीवर घेऊन बसले, कारण गुरुवारपर्यंत तू परत पाठवतेसच. नाही. शुक्रवारी वाटलं, झालं, पुन्हा फसले. मागच्या वेळीही पैसे परत आले नाहीत आणि मी आनंदाने नाचत होते. मग वाटलं, तेव्हा पैसे चोराकडे होते. आता ते तुझ्याकडे आहेत. माझे पैसे ठेवून घेशील अशी तू नाहीस. एवढ्या रागातसुद्धा वीस हजार परत केलेस. ज्या अर्थी ठेवलेस, त्या अर्थी त्याचं तुला काहीतरी करायचंय.

कालपासून दारची बस यायच्या वेळी मी स्टँडवर जाऊन बसते. काल कुणी नव्हतं. बरेच लोक उतरले, त्यातली एक पाठमोरी बाई तुझ्यासारखी चालत होती, पण तिने वळून बघितलं आणि ती दुसरीच निघाली. पार्सलवाला मला ओळखतो. म्हणाला, "काय बाई, आज पाकीट नाही?"

"आहे."

"मग द्या, उद्याच्या बसने जाईल."

"नाही पाठवायचं," मी म्हटलं. "हातात द्यायचंय."

म्हणून हे पत्र माझ्याकडेच आहे, गाठीत. आज पुन्हा जाईन. मिचेंबे नवे केलेत, शेंगदाण्याचा कूट घालून शिजत ठेवलेत, दोघींपुरते. आज आली नाहीस तर मी एकटी खाईन आणि उद्या पुन्हा शिजवीन.

आजचा सहावा दिवस. पैसे परत आलेले नाहीत.

कुल्वा